बुरशीच्या हाती दिलेले आम्ल

फिनाइल अ‍ॅसेटिक आम्लाचा वास एकदा कपड्यांत शिरला की दोन-तीन धुण्यांनीही जात नाही. अगदी विरळ असताना तो मधासारखा गोडसर वाटतो आणि म्हणूनच अत्तराच्या धंद्यातही हे आम्ल वापरतात. पण पांढऱ्या स्फटिकांनी भरलेले अख्खे पिंप समोर उघडले की तोच वास तबेल्यासारखा उग्र होऊन घशाशी येतो. १९९१ च्या पावसाळ्यात सूक्ष्मजीवशास्त्रातील एम.एस्सी. पूर्ण करून मी एका औषध कारखान्याच्या किण्वन विभागात उमेदवार म्हणून रुजू झालो, तेव्हा पहिले पंधरा दिवस माझ्याकडे एकच काम होते. ही पिंपे तोलून घ्यायची, आम्ल कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात विरघळवून त्याचे सोडियम लवण करायचे, द्रावणाचा सामू तपासायचा आणि ते फीडच्या टाकीत चढवायचे. सामूला तिथे सगळे पीएचच म्हणत आणि या आम्लाला प्रिकर्सर म्हणत. मराठी पुस्तकात त्याला पूर्वद्रव्य हा शब्द आहे, पण तो मला कारखान्यात कोणाच्या तोंडून ऐकायला मिळाला नाही.

पेनिसिलीन हा शब्द मात्र आमच्या घरात रोजचा होता. माझ्या धाकट्या बहिणीला अकराव्या वर्षी र्‍हुमॅटिक ताप आला, हृदयाच्या एका झडपेला इजा झाली आणि तेव्हापासून दर एकवीस दिवसांनी तिला बेंझाथीन पेनिसिलीनचे बारा लाख युनिटचे इंजेक्शन घ्यावे लागे. त्या दिवशी ती लंगडत घरी येई. पेनिसिलीन बुरशी बनवते, हे मला शाळेपासून ठाऊक होते. फ्लेमिंग, १९२८, लंडनचे सेंट मेरीज रुग्णालय हे सगळे पाठ होते. म्हणूनच पहिल्या आठवड्यात मला पडलेला प्रश्न अगदी साधा होता. औषध जर बुरशी स्वतःच बनवते, तर तिला हे रसायन किलोच्या किलो कशासाठी पाजायचे?

आमच्या पाळीचे प्रमुख तीस वर्षे याच कामात मुरलेले होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. मी विचारले तेव्हा त्यांनी लॉगबुकाच्या मागच्या पानावर पेन्सिलीने एक चौकोन काढला, त्याला चिकटून एक पंचकोन काढला आणि चौकोनाच्या डाव्या बाजूला एक शेपटी जोडली. "हा चौकोन नि पंचकोन बुरशी स्वतः करते. शेपटी कोणती लावायची ते आपण तिला काय देतो त्यावर आहे. हे आम्ल दिलंस तर पेनिसिलीन जी. काहीच नाही दिलंस तर ती हाताला लागेल ते लावते, आणि त्या खिचडीचा आपल्याला उपयोग नाही."

पुढचे कित्येक आठवडे पाळी संपल्यावर मी ग्रंथालयात बसून त्या चौकोन-पंचकोनाची घडण वाचली. बुरशी, म्हणजे पेनिसिलियम क्रायसोजेनम, प्रथम तीन अमिनो आम्ले जोडते: अमिनोअडिपिक आम्ल, सिस्टीन आणि व्हॅलीन. हे काम एकच अवाढव्य एन्झाइम करते. त्याच्या स्वतःच्या साखळीत ३,७०० हून अधिक अमिनो आम्ले आहेत, आणि जोडता जोडता ते व्हॅलीनची ठेवण डावीची उजवी करून टाकते. मग दुसरे, आकाराने बरेच लहान, लोहयुक्त एन्झाइम या तिपदरी साखळीवर ऑक्सिजनचा एक रेणू वापरून चार हायड्रोजन काढून घेते आणि चौकोन नि पंचकोन या दोन्ही कडी बंद करते. काढलेल्या हायड्रोजनचे पाणी होते. एवढी अवघड, ताणलेली चौकोनी कडी, जिच्या रचनेवर १९४० च्या दशकात मोठमोठ्या रसायनशास्त्रज्ञांचे मतभेद होते आणि जिचा निकाल १९४५ मध्ये डोरोथी हॉजकिन यांच्या क्ष-किरण अभ्यासाने लागला, ती बुरशी एका दमात बंद करते, हे वाचताना मी खरोखर पुस्तक मिटून काही वेळ तसाच बसून राहिलो होतो.

इथपर्यंत तयार झालेल्या रेणूला आयसोपेनिसिलीन एन म्हणतात. त्याची शेपटी म्हणजे ते पहिले अमिनोअडिपिक आम्लच असते आणि जंतूंवरची त्याची मात्रा फार चालत नाही. तिसरी पायरी आमच्या पिंपांची. बुरशीच्या पेशीत पेरॉक्सिझोम नावाच्या इवल्याशा पिशव्या असतात. शेवटचे एन्झाइम तिथे असते, हे नेदरलँड्समधल्या संशोधकांनी नेमके मी रुजू झालो त्याच वर्षी, १९९१ मध्ये, प्रसिद्ध केले होते. तिथे फिनाइल अ‍ॅसेटिक आम्ल आधी ऊर्जा खर्चून कोएन्झाइम ए ला जोडले जाते, म्हणजे जणू काम करण्याजोगे होते, आणि मग जुनी शेपटी काढून त्या जागी ते बसवले जाते. निघालेले अमिनोअडिपिक आम्ल वाया जात नाही, ते पुन्हा वापरात येऊ शकते. झाले पेनिसिलीन जी.

हे समजल्यावर फर्मेंटरकडे, म्हणजे बुरशी वाढवण्याच्या टाकीकडे, पाहण्याची माझी दृष्टी बदलली. तोपर्यंत साखर, अमोनियम सल्फेट, अमोनिया, मक्याच्या स्टार्च कारखान्यातून येणारे घट्ट तपकिरी कॉर्न स्टीप लिकर, फेस बसवायला तेल, ही मला नुसती यादी वाटत होती. आता दिसू लागले की सल्फेटमधले गंधक सिस्टीनवाटे पंचकोनात जाऊन बसते, अमोनियातले नायट्रोजन दोन्ही कड्यांत जाते, कार्बन साखरेचा असतो. खरे पाहता ती तीन अमिनो आम्लेही पूर्वद्रव्येच आहेत, पण ती बुरशी स्वतः घडवते. बाहेरून तयार द्यावी लागते ती फक्त शेपटी. अमिनोअडिपिक आम्ल हे तर बुरशीच्या लायसीन हे अमिनो आम्ल बनवण्याच्या वाटेवरचे एक स्थानक आहे. म्हणूनच माध्यमात लायसीन फार झाले तर ती वाट सुरुवातीलाच आवळली जाते आणि पेनिसिलीनही घटते.

शेपटीचे महत्त्व माणसाला कळले ते मात्र आधी रसायनशास्त्रातून नव्हे, मक्यातून. १९४१ च्या उन्हाळ्यात फ्लोरी आणि हीटली हे पेनिसिलीनवर काम करणारे शास्त्रज्ञ ऑक्सफर्डहून बुरशी घेऊन अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या पिओरिया येथील सरकारी प्रयोगशाळेत गेले. तिथे अँड्र्यू मोयर यांनी माध्यमात कॉर्न स्टीप लिकर घातले आणि उत्पादन अनेक पटींनी वाढले. पुढे ध्यानात आले की इंग्लंडमध्ये मिळणारे पेनिसिलीन आणि अमेरिकेत मिळणारे पेनिसिलीन एक नाहीत. इंग्लंडमधले बहुतांशी एफ, म्हणजे वेगळ्या शेपटीच्या, प्रकारचे होते आणि अमेरिकेतले जी. या फरकाचे मूळ त्या लिकरमध्ये होते. त्यात फिनाइल इथाइल अमीनसारखी द्रव्ये असतात आणि बुरशी त्यांच्यापासून फिनाइल अ‍ॅसेटिक आम्ल करून घेते. मग ते आम्लच थेट का देऊ नये, या विचारातून आमची पिंपे आली. अण्णांना हा इतिहास माहीत नव्हता. मी सांगितला तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे मक्याने आधी दिलं, आपण नुसतं मोजायला शिकलो."

मोजणे हेच खरे काम होते. सीड टाकीतून साठ हजार लिटरच्या मोठ्या फर्मेंटरमध्ये बुरशी सोडली की पहिले दीड दिवस ती नुसती वाढे. तापमान २५ अंशांच्या आसपास, सामू ६.५, खालून निर्जंतुक हवेचा अखंड मारा आणि मधोमध फिरणारा घुसळखांब. या काळात तिला साखर मोकळ्या हाताने मिळे. मग आम्ही साखर तोडत असू, म्हणजे थेंबाथेंबाने देत असू, कारण पोट भरलेली बुरशी पेनिसिलीनच्या वाटेला जात नाही. प्रिकर्सरचे फीडही याच वेळी लागे. लवकर दिले तर वाढ खुंटते. उशीर केला तर नको त्या शेपट्यांची पेनिसिलिने होतात. पुढे सहा-सात दिवस दर चार तासांनी नमुना काढायचा, गाळायचा आणि एचपीएलसी या पृथक्करण यंत्रावर द्रवात शिल्लक असलेले आम्ल पाहायचे. लिटरमागे अर्धा ते एक ग्रॅम एवढीच आमची पट्टी होती. शून्याला टेकले तर शेपटीवाचून उत्पादन अडे, आणि वर गेले तर काय होते ते मला एका रात्री प्रत्यक्ष पाहावे लागले.

ऑक्टोबर महिना होता आणि बॅचचा पाचवा दिवस. रात्रपाळीत अण्णा शेजारच्या फर्मेंटरच्या गळत्या सीलपाशी अडकले होते आणि पॅनेलवर मी एकटा होतो. पहाटे दोनच्या सुमारास मला दिसले की विरघळलेल्या ऑक्सिजनचा काटा वर चालला आहे. ३५ टक्क्यांवरून ५०, मग ६०. आमची रोजची कटकट ऑक्सिजन कमी पडण्याची होती. ब्रॉथ, म्हणजे टाकीतला बुरशीसकटचा द्रव, खळीसारखा घट्ट झाला की कितीही हवा सोडली तरी ती पुरत नसे. त्यामुळे मला बरे वाटले. मी लॉगशीटवर नीट अक्षरात नोंद केली, 'ऑक्सिजन सुधारला', आणि पुढच्या नमुन्याच्या बाटल्या लावायला गेलो. सामूच्या रकान्यात त्याआधीच्या दोन नोंदी ६.१ आणि ५.८ अशा माझ्याच हातच्या होत्या. त्या मी लिहिल्या होत्या, पण वाचल्या नव्हत्या.

अण्णा आले, त्यांनी शीट हातात घेतले आणि मला काही न विचारता आधी प्रिकर्सरचा व्हॉल्व्ह बंद केला. मग म्हणाले, "अरे, ऑक्सिजन सुधारला नाही. तिने घ्यायचं सोडलंय." अमोनियाच्या नळीतला झडपेचा भाग चिकटला होता. बुरशी साखर आणि अमोनियम खात राहिली की ब्रॉथ आम्लधर्मी होत जातो. अमोनिया येऊन तो सावरतो. ती सावरणारी नळीच बंद होती आणि माझे फीड मात्र सुरू होते. झडप मोकळी करेपर्यंत सामू ५.५ वर आला होता. नमुन्यात शिल्लक आम्ल लिटरला दोन ग्रॅम निघाले. सूक्ष्मदर्शकाखाली एरवी भरीव, तकतकीत दिसणाऱ्या तंतूंमध्ये मोठाल्या पोकळ्या दिसत होत्या आणि पुष्कळ तंतू तुटलेले होते.

दुसऱ्या दिवशी मी घरी गेलो नाही. कॅन्टीनमध्ये बसून हिशेब मांडला. फिनाइल अ‍ॅसेटिक आम्लाचा पीकेए, म्हणजे ज्या सामूला त्याचे निम्मे रेणू विघटित असतात तो आकडा, सुमारे ४.३ आहे. म्हणजे सामू ६.५ असताना त्याचे हजारातले जेमतेम सहा रेणू अविघटित, भारविरहित रूपात असतात, ५.५ ला तेच एकोणसाठ होतात. आमच्याकडे एकूण आम्लही अडीचपट झाले होते. दोन्ही मिळून भारविरहित आम्ल वीसपटींहून जास्त वाढले होते. हे भारविरहित रूपच पेशीच्या पटलातून आरपार जाते. आतला सामू सातच्या जवळपास असल्याने तिथे गेल्यावर ते विघटित होते, हायड्रोजनचा आयन सोडते, आणि तो बाहेर उपसण्यात पेशीची शक्ती संपत जाते. मला सुन्न करणारी गोष्ट पुढेच होती. पेनिसिलीनसाठी आम्ल बुरशीच्या आत जाते तेही प्रामुख्याने याच वाटेने, याच रूपात. विष जाण्याचे दार वेगळे आणि कच्चा माल जाण्याचे दार वेगळे, असे काही नाही. दार तेच, फक्त किती उघडायचे ते सामू आणि फीड यांच्या हाती, म्हणजे त्या रात्री माझ्या हाती होते.

ती बॅच पूर्ण वाया गेली नाही. साखर कमी करून, प्रिकर्सर बंद ठेवून बारा तासांनी श्वसन पुन्हा सुरू झाले. पण शेवटचा उतारा नेहमीपेक्षा पाऊण हिस्साच आला. अण्णांनी अहवालात अमोनियाच्या झडपेचे कारण लिहिले आणि माझे नाव घातले नाही. मी ते मागाहून स्वतः साहेबांना सांगितले, कारण रकाना लिहून न वाचणे ही झडपेची चूक नव्हती.

त्या रात्रीनंतर मी प्रत्येक बॅचचा आम्लाचा जमाखर्च ठेवू लागलो. रेणुभार धरले तर एक किलो पेनिसिलीन जी मध्ये ४०० ग्रॅमच्या थोडे वर फिनाइल अ‍ॅसेटिक आम्ल बसते. घातलेल्यातून शिल्लक वजा केली आणि पेनिसिलीनमध्ये बसलेले वजा केले की जे सापडत नाही ते बुरशीने खाल्लेले असते. ती या आम्लाच्या कड्यावर एक हायड्रॉक्सिल गट बसवते आणि मग टायरोसीन जाळण्याच्या वाटेने ते जाळून टाकते; आपल्याला मौल्यवान असलेले तिला नुसते जळण असते. सुरुवातीच्या काळातल्या बुरश्या घातलेल्या आम्लाचा मोठा भाग असा खाऊन टाकत. पिओरियाच्या खरबुजावर १९४३ मध्ये सापडलेल्या वाणापासून विस्कॉन्सिनमध्ये किरणांचा मारा करून जे वाण निवडत नेले, त्यांच्यात ही खाण्याची सवय बरीच मोडलेली आहे. निवडणाऱ्यांनी फक्त जास्त पेनिसिलीन देणारी वसाहत निवडली होती. सवय कोणत्या जनुकातल्या बदलाने मोडली ते खूप नंतर उलगडले.

शेवटच्या काही तासांत आम्ही फीड मुद्दाम थांबवत असू, म्हणजे शिल्लक आम्ल बुरशीच संपवून टाकते. गाळलेला द्रव थंड करून, सामू दोनच्या आसपास आणून, ब्युटाइल अ‍ॅसिटेटमध्ये पेनिसिलीन ओढून घेतात तेव्हा उरलेले फिनाइल अ‍ॅसेटिक आम्लही त्याच्याबरोबर ओढले जाते, आणि मग स्फटिक करणारे आमच्या नावाने ओरडत. ते विभाग वेगळे. तिथे सगळी घाई असे, कारण इतक्या आम्लात पेनिसिलीन मिनिटामिनिटाला तुटत असते.

वर्षातून दोनदा पेनिसिलीन व्ही चे सत्र असे. तीच बुरशी, तेच माध्यम, तोच फर्मेंटर. पिंपांतले आम्ल तेवढे फिनॉक्सी अ‍ॅसेटिक. फिनाइल आणि बाकीच्या शेपटीच्या मध्ये ऑक्सिजनचा एकच अणू जास्त. ऑस्ट्रियातल्या कुंडल येथे १९५० च्या दशकाच्या आरंभी ब्रांडल आणि मारग्राइटर यांना हे पेनिसिलीन जठरातल्या आम्लात टिकते असे आढळले. त्यांनी ब्रॉथमध्ये परके जंतू वाढू नयेत म्हणून फिनॉक्सी इथेनॉल घातले होते आणि बुरशीने त्याचीच शेपटी करून लावली होती. तो जास्तीचा ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढून घेतो, म्हणून शेपटी उलट वळून चौकोनी कडी फोडत नाही. इंजेक्शनऐवजी गोळी शक्य झाली ती एवढ्यानेच. आणि काहीच शेपटी दिली नाही तर? १९५० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या बीचम कंपनीच्या शास्त्रज्ञांनी पूर्वद्रव्याशिवाय चालवलेल्या किण्वनातून नुसता गाभा वेगळा काढला, ६-अमिनोपेनिसिलॅनिक आम्ल. अ‍ॅम्पिसिलीन आणि अ‍ॅमॉक्सिसिलीन ही नावे घराघरांत आली ती त्या गाभ्याला रसायनशाळेत नव्या शेपट्या लावून. आज मात्र हा गाभा बहुधा पेनिसिलीन जी पासूनच एन्झाइमने शेपटी तोडून करतात. आमच्याकडेही तो विभाग सुरू झाला, आणि एक दिवस माझ्या वजनकाट्यावर 'परत मिळालेले' अशी चिठ्ठी लावलेली पिंपे आली. तुटलेली शेपटी शुद्ध होऊन पुन्हा माझ्याकडेच आली होती. वास तोच होता.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा बहिणीने दारातच नाक मुरडले. "दादा, तुझ्या शर्टाला कसला वास येतोय रे?" मी तिला सांगितले की तुझ्या इंजेक्शनातल्या औषधाची शेपटी ज्याची असते, त्याचा हा वास, आणि तुझे पेनिसिलीन तोडले जात नाही, त्यामुळे तुझ्या वाट्याचे आम्ल माझ्याकडे परत येत नाही. तिने लगेच विचारले, "माझ्या वाट्याला किती येतं?" वही काढून आम्ही दोघे बसलो. बारा लाख युनिट म्हणजे सोडियम लवणाच्या मापाने ७२० मिलिग्रॅम पेनिसिलीन, आणि त्यात बसलेले फिनाइल अ‍ॅसेटिक आम्ल सुमारे २७५ मिलिग्रॅम, पाव ग्रॅमहून थोडे जास्त. तिने दवाखान्याचे कार्ड आणले आणि बोटाने एकेक तारीख मोजली. आठ वर्षांत १३८ इंजेक्शने झाली होती. मी गुणाकार करून वही तिच्याकडे वळवली. ३८ ग्रॅम.